शंकेसकट वेळ

"ताई, चार एकोणसाठ झालेत. दाबू का?"

"दाब."

धाकट्या भावानं ‘सबमिट’ दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, मग हिरवी खूण आली. आम्ही दोघांनी श्वास सोडला आणि चहा ठेवला. एका शिष्यवृत्तीचा अर्ज होता, मुदत संध्याकाळी पाचची. शेवटच्या मिनिटापर्यंत का थांबलात, हा प्रश्न आईनं तेव्हाच विचारून झाला होता, त्यामुळे तुम्ही विचारू नका.

चार दिवसांनी मेल आला. अर्ज ५ वाजून ७ सेकंदांनी मिळाला, मुदत संपली होती, सबब अपात्र. भावानं बटण दाबण्याआधी सवयीनं स्क्रीनशॉट काढून ठेवला होता आणि त्याच्या कोपऱ्यात ४:५९ स्पष्ट दिसत होते. तो आम्ही पाठवला. उलट उत्तर एका ओळीचं: ‘सर्व्हरची वेळ अंतिम मानली जाईल.’

मी साहित्य शिकलेली आहे. एखादं वाक्य खटकलं की ते माझ्या डोक्यातून जात नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. ‘मानली जाईल’ : कोण मानणार? कर्ता गायब. ‘अंतिम’ : हा कोर्टाचा शब्द, ज्याच्यापुढे अपील नाही. आणि ‘सर्व्हरची वेळ’ : म्हणजे जणू सर्व्हरला स्वतःची, घरची, वडिलोपार्जित वेळ असते. तक्रारीचं खरमरीत पत्र लिहायचं म्हणून मी शोधायला बसले की सर्व्हरला वेळ कळते तरी कशी. त्या शोधात एक दस्तऐवज हाती लागला. पत्र बाजूला राहिलं आणि मी तो दस्तऐवज वाचत बसले, एखादी कादंबरी वाचावी तसा. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

अभिप्रायार्थ

इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिलेले असतात त्यांना आरएफसी म्हणतात : रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स. मराठीत सांगायचं तर ‘अभिप्रायार्थ सादर’. १९६९पासून चालत आलेलं हे नाव आहे. जगभरची यंत्रं ज्यांच्या हुकमावर चालतात ते कागद स्वतःला हुकूम म्हणवत नाहीत, हे मला पहिल्यांदाच कळलं आणि आवडलं.

कॉम्प्युटरची घड्याळं जुळवणाऱ्या पद्धतीचं नाव नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, थोडक्यात एनटीपी. तिचा जनक डेव्हिड मिल्स. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात ते प्राध्यापक होते. सप्टेंबर १९८५मध्ये त्यांनी आरएफसी ९५८ लिहिला, मग १९८८, १९८९ आणि १९९२मध्ये सुधारित आवृत्त्या काढल्या. आज चालणारी चौथी आवृत्ती सहकाऱ्यांसोबत २०१०मध्ये आली, आरएफसी ५९०५ या क्रमांकानं. पहिला कागद जेमतेम काही पानांचा होता, शेवटचा शंभर पानांच्या पुढे गेला. म्हणजे पंचवीस वर्षं एक माणूस एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहीत होता. मिल्स यांना जन्मापासून काचबिंदू होता. लहानपणी शस्त्रक्रियेनं एका डोळ्याची थोडी दृष्टी वाचली होती, ती उतारवयात गेली. १७ जानेवारी २०२४ला ते वारले.

आता त्यांची भाषा बघा. तांत्रिक कागद म्हणजे कोरडा, हा समज त्यांचा शब्दसंग्रह पहिल्याच भेटीत मोडून काढतो. जे घड्याळ विश्वासार्ह ते ‘ट्रूचायमर’, खरा टोल देणारं. जे चुकीची वेळ छातीठोकपणे सांगतं ते ‘फॉल्सटिकर’, खोटी टिकटिक करणारं. मोजणीत मधेच एखादा आकडा उसळून वर आला तर तो ‘पॉपकॉर्न स्पाइक’, कढईतून उडालेली लाही. आणि सतत वेळ विचारून भंडावून सोडणाऱ्या यंत्राला सर्व्हर जे पाकीट पाठवतो त्याचं नाव ‘किस ऑफ डेथ’. या नावांमागे नुसता मिस्कीलपणा नाही. घड्याळ बिघडलेलं आहे असं म्हटलं की दोष यंत्राचा होतो. घड्याळ खोटं बोलतंय असं म्हटलं की ते साक्षीदार होतं. मिल्स यांच्या मजकुरात सगळी घड्याळं साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते.

शिळी होत जाणारी वेळ

तुमच्या फोनमध्ये क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक थरथरत असतो. त्याच्या थरथरीवर घड्याळ चालतं. असा स्वस्त स्फटिक दहा लाखात वीस भागांनी चुकला तर दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक पडतो, आणि तापमान बदललं की चूकही बदलते. म्हणून फोन, लॅपटॉप, सर्व्हर अधूनमधून कुणाला तरी वेळ विचारतात. तुमच्या फोनला ती मोबाइल कंपनीच्या टॉवरकडून मिळते किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या टाइम सर्व्हरकडून.

एनटीपीत एक उतरंड असते. सगळ्यात वर अणुघड्याळ किंवा जीपीएसचा रिसीव्हर. त्याला थेट जोडलेला सर्व्हर म्हणजे स्ट्रॅटम १, त्याला विचारणारा स्ट्रॅटम २, असं करत पंधरापर्यंत. सोळा म्हणजे ज्याचं कुणाशीच जुळत नाही तो. उतरंड म्हटलं की आपल्याकडे कान टवकारतात, आणि टवकारायलाच हवेत. पण इथली पायरी जन्मानं मिळत नाही. आत्ता तुम्ही कुणाचं ऐकताय, यावर ती ठरते आणि वाट बदलली की बदलते. शिवाय वरच्या पायरीवरचा खरंच बोलतो असंही हा मजकूर कुठे गृहीत धरत नाही.

मला ज्या जागेनं थांबवलं ती मात्र वेगळी होती. सर्व्हर वेळेचं पाकीट पाठवतो तेव्हा त्यात नुसती वेळ नसते. मूळ घड्याळापासून इथवर येता-येता किती विलंब झाला तो आकडा असतो, आणि आतापर्यंत किती चूक साठलेली असू शकते तोही असतो. या दुसऱ्याला मिल्स ‘डिस्पर्शन’ म्हणतात. आपण त्याला फैलाव म्हणू. म्हणजे सर्व्हर ‘पाच वाजले’ एवढंच म्हणत नाही. ‘पाच वाजले, आणि माझी चूक फार तर एवढी असेल’ असं म्हणतो.

आणि हा फैलाव वाढत जातो. शेवटचं विचारून जितके सेकंद झाले, तितक्या सेकंदांमागे प्रत्येकी १५ मायक्रोसेकंद शंका आपोआप वाढवायची, असा नियमच आहे. घड्याळ उत्तम चालत असलं तरीही. ऐकलेली बातमी शिळी होत जाते, हे या मजकुरानं गणितात बसवलंय. मी वाचलेल्या कित्येक आत्मचरित्रांत एवढा प्रामाणिकपणा सापडला नाही. तिथे पन्नास वर्षांपूर्वीचं संभाषण अवतरणचिन्हांसकट येतं आणि फैलावाचा आकडा कुठेच नसतो.

घाट चढताना, घाट उतरताना

जुळवाजुळव होते कशी? चार नोंदींवर. समजा फोन आपल्या घड्याळाच्या शून्य मिलिसेकंदाला प्रश्न पाठवतो. सर्व्हरला तो मिळतो तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात १५० असतात. १५१ला तो उत्तर पाठवतो. फोनवर उत्तर पोचतं तेव्हा फोनच्या घड्याळात ४१.

फोनच्या हिशेबानं सगळा प्रकार ४१ मिलिसेकंदांत उरकला, त्यातला एक सर्व्हरनं घेतला. म्हणजे जाण्यायेण्याला मिळून ४० लागले. जाताना २०, येताना २०. मग प्रश्न पोचला तेव्हा फोनचे २० आणि सर्व्हरचे १५०. फोन १३० मिलिसेकंद मागे आहे. झालं.

कुठे काही खटकलं? ‘जाताना २०, येताना २०’ हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. ते गृहीत धरलंय. पुण्याहून मुंबईला जाऊन यायला मिळून आठ तास लागले, तर जाताना चार आणि येताना चार, असं म्हणण्यासारखं हे आहे. खंडाळ्याचा घाट उतरणं आणि चढणं सारखंच असतं असं मानायचं, आणि शुक्रवारच्या संध्याकाळचा प्रवास नि मंगळवारच्या दुपारचा प्रवासही. नेटवर्कवर तर जायचा रस्ता आणि यायचा रस्ता वेगळाही असू शकतो. घरच्या नेटवर डाउनलोड सुसाट आणि अपलोड रखडलेलं, हे तुम्ही रोज बघता.

ही एनटीपीची श्रद्धा आहे. तिला पर्याय नाही, कारण एकतर्फी प्रवास मोजायचा तर दोन्ही टोकांची घड्याळं आधीच जुळलेली हवीत, आणि आपण तर ती जुळवायलाच निघालोय. (दोन दूरच्या घड्याळांचा विचार करताना आइन्स्टाइननंही १९०५मध्ये प्रकाशाच्या जाण्यायेण्याबद्दल हेच धरून चालायचं ठरवलं होतं.) पण मिल्स या श्रद्धेची किंमतही मांडतात. रस्ते कितीही असमान असले तरी चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात वीस मिलिसेकंद. श्रद्धा आहे, आणि ती किती महागात पडू शकते त्याचं बिलही सोबत जोडलेलं आहे.

खोटी टिकटिक

एकाच साक्षीदारावर विसंबू नये, म्हणून एनटीपी अनेकांना विचारते. प्रत्येकाचं उत्तर शंकेसकट येतं, म्हणजे एका बिंदूऐवजी एक पट्टा मिळतो. या सगळ्या पट्ट्यांमधला बहुमताला सामाईक असा भाग शोधायचा. त्या भागाशी ज्यांचा मेळ बसतो ते खरे टोलवाले. ज्यांचा बसत नाही ते फॉल्सटिकर, त्यांना बाजूला काढायचं. निदान चार सर्व्हर ठेवा, असा सल्ला जाणकार देतात तो यासाठीच. एकच घड्याळ असेल तर ते खोटं बोलतंय हे कळायला मार्ग नसतो, आणि दोन असतील तर नेमकं कोण खोटं हे ठरत नाही.

१९ नोव्हेंबर २०१२ला हे प्रत्यक्षात दिसलं. अमेरिकी नौदल वेधशाळेचे ‘टिक’ आणि ‘टॉक’ हे प्रतिष्ठित टाइम सर्व्हर काही काळ २००० साल सांगत राहिले. ज्यांनी डोळे मिटून त्यांचं ऐकलं त्यांच्या यंत्रणा बारा वर्षं मागे गेल्या आणि लॉगिनपासून सगळं अडलं. मूळ एनटीपीच्या प्रोग्रॅममध्ये यावर उपाय आहे : हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर वेळ बदलायचीच नाही, काम थांबवायचं आणि माणसाला बोलवायचं. उलट फरक अगदी थोडा असेल तर घड्याळाचा काटा ओढायचा नाही. ते किंचित हळू किंवा किंचित जलद चालवून हळूहळू वळणावर आणायचं. या गतीनं एक सेकंद दुरुस्त व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. दुरुस्ती चालू असतानाही वेळ उलटी जाऊ नये, याची ही काळजी आहे. पाच वाजून दोन सेकंदांनी केलेली नोंद आणि तिच्यानंतर केलेली पाच वाजून एक सेकंदाची नोंद, असा वेडेपणा होऊ द्यायचा नाही.

बहुमत म्हणजे सत्य का? नाही. बहुसंख्य घड्याळं मिळून एकाच दिशेनं चुकली तर हा मजकूर हतबल आहे. तेवढ्यापुरता तो लोकशाहीसारखाच आहे.

सगळ्यात वरच्या मडक्यात काय आहे?

मला वाटलं होतं, उतरंडीच्या टोकाला तरी एक अंतिम वेळ असेल. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आपल्या अणुघड्याळांवर राखते. एप्रिल २०२२मध्ये ‘सर्ट-इन’नं देशातल्या कंपन्यांना आणि सेवा पुरवणाऱ्यांना सांगितलं, की तुमची घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवा. ‘माग लागेल अशा’ हा मला महत्त्वाचा शब्दप्रयोग वाटतो. वेळेला वंशावळ हवी, असं तो म्हणतो.

पण या प्रयोगशाळेचं घड्याळ कशाशी जुळतं? जागतिक वेळेशी. आणि ती कुठल्या एका घड्याळात नसते. जगभरातल्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळांच्या अणुघड्याळांचे आकडे पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात जातात, तिथे त्यांची भारित सरासरी निघते आणि ‘सर्क्युलर टी’ नावाच्या मासिक पत्रकात छापून येते : मागच्या महिन्यात तुमचं घड्याळ इतके नॅनोसेकंद पुढे किंवा मागे होतं. मागच्या महिन्यात! आत्ता नेमके किती वाजलेत हे जगातल्या सर्वोत्तम घड्याळवाल्यांनाही महिन्याभरानं कळतं. उतरंडीच्या शेंड्यावरही शंका आहे. अगदी बारीक, पण नोंदवलेली.

तेव्हा ‘अंतिम’ हा शब्द या अख्ख्या व्यवस्थेत कुठेच नाही. तो थेट आमच्या मेलमध्ये उगवला.

आणि वेळेत माणसांचे निर्णय मिसळलेले असतातच. आपल्या मुंबईला हे नव्यानं सांगायला नको. १९०६मध्ये देशभर प्रमाणवेळ आली तरी ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ शहरात काही ठिकाणी १९५५पर्यंत टिकून होती. एकाच शहरात, एकाच क्षणी, दोन वाजलेले आकडे. अगदी अलीकडचं सांगायचं तर १ जानेवारी २०१७ला पहाटे भारतात ५:२९:५९नंतर ५:२९:६० असा एक जादा सेकंद आला, पृथ्वीच्या संथ फिरण्याशी घड्याळं जुळवायला. काही सर्व्हरांनी तो अख्खा सेकंद पाळला. गूगलसारख्यांनी तो काही तासांवर पातळ पसरवला. त्या तासांत दोन निर्दोष सर्व्हर वेगवेगळी वेळ सांगत होते. सर्व्हरची वेळ अंतिम, मान्य. पण कुठल्या सर्व्हरची?

अंतरपाट

इथवर माझा राग शाबूत होता. तो घालवला दुसऱ्या एका मजकुरानं.

जुलै १९७८मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला : ‘टाइम, क्लॉक्स, अँड द ऑर्डरिंग ऑफ इव्हेंट्स इन अ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम’. त्यांचं म्हणणं असं, की पुष्कळदा किती वाजले हे कळायची गरजच नसते. कशाआधी काय घडलं, एवढं कळलं की पुरतं. आणि ते कळायला घड्याळ लागत नाही.

आपल्याकडचं लग्न घ्या. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो १२ वाजून २१ मिनिटांचा. मांडवात दोनशे फोन, गुरुजींचाही एक. पण अक्षता पडतात त्या मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाल्यावर. १२:२१ झाले आणि अंतरपाट अजून धरलेला असेल तर कुणी अक्षता टाकत नाही. घड्याळ काहीही म्हणो, क्रम पक्का असतो. लॅम्पोर्ट यांनी हा क्रम यंत्रांना दिला. प्रत्येक यंत्र एक साधी मोजणी ठेवतं. निरोप पाठवताना आपला आकडा सोबत जातो. ज्याला निरोप मिळाला तो आपला आकडा त्याच्या पुढे नेतो. त्यामुळे निरोप पाठवणं नेहमी निरोप मिळण्याच्या आधीच नोंदलं जातं. आणि ज्या दोन घटनांमध्ये निरोपांचा कुठलाच धागा नाही, त्यांतली आधी कोणती? निबंध म्हणतो, या प्रश्नाला अर्थच नाही.

याच निबंधात लॅम्पोर्ट स्वतःच्या पद्धतीतली फट दाखवतात. कुणीतरी एका कॉम्प्युटरवर विनंती नोंदवतो, मग दुसऱ्या गावातल्या मित्राला फोन करून सांगतो, आता तुझी नोंदव. यंत्रांना तो फोन ऐकू गेलेला नसतो. ती मित्राची विनंती आधीची ठरवू शकतात. व्यवस्थेच्या बाहेर घडलेलं व्यवस्थेला माहीत नसतं. तिथे मग खऱ्याखुऱ्या घड्याळांकडे वळावं लागतं.

ते वाचलं आणि मला आमची खोली आठवली. मी ‘दाब’ म्हणाले, ते व्यवस्थेच्या बाहेर होतं. भावानं बटण दाबलं, ही एक घटना. फाइल सर्व्हरवर पूर्ण पोचली, ही दुसरी. सर्व्हरनं तिची नोंद केली, ही तिसरी. या तिन्हींचा क्रम निर्विवाद आहे, आणि त्यांच्यामध्ये घरच्या नेटवर रखडणारी, स्कॅन केलेल्या गुणपत्रिकांची जडशीळ पीडीएफ होती. आमच्या स्क्रीनशॉटवर ४:५९ होते, पण ४:५९ साठ सेकंद टिकतात आणि फोन सेकंद दाखवत नव्हता. फोनचं घड्याळ अचूक, सर्व्हरचं घड्याळही अचूक, आणि तरीही बटण पाचच्या आत आणि नोंद पाचनंतर, हे सहज शक्य होतं. उलट नीट जुळवलेल्या दोन घड्याळांत सात सेकंदांची तफावत पडणं, हेच अवघड.

म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या शब्दावर राग धरून होते. प्रश्न ‘वेळ’ या शब्दाचा नव्हताच. प्रश्न पहिल्या मेलमधल्या ‘मिळाला’ या शब्दाचा होता. मिळाला म्हणजे तीनपैकी कुठल्या घटनेला? जाहिरातीत लिहिलं होतं, ‘५ वाजेपर्यंत अर्ज सादर करावेत’. सादर करणं आपलं असतं, मिळणं त्यांचं. नियम एका क्रियापदात लिहिला होता आणि निकाल दुसऱ्या क्रियापदात दिला होता. तो निकाल सर्व्हरच्या घड्याळाच्या पाठीमागे लपवलेला होता, आणि बिचारं घड्याळ त्याबद्दल काही बोललेलंच नव्हतं.

थांबण्याची रीत

शंका लपवायची नाही, हे तत्त्व शेवटपर्यंत नेणारा तिसरा मजकूर २०१२चा. गूगलच्या अभियंत्यांनी ‘स्पॅनर’ या जगभर पसरलेल्या डेटाबेसबद्दल एक निबंध लिहिला. त्यात ट्रूटाइम नावाची सोय आहे. तिला किती वाजले विचारलं की ती एक आकडा देत नाही, दोन देते : लवकरात लवकर इतके, उशिरात उशिरा इतके. खरी वेळ या दोहोंमध्ये कुठेतरी. शंकेची निम्मी रुंदी निबंधात दिली आहे : साधारण १ ते ७ मिलिसेकंदांत खालीवर होणारी, सरासरी चारेक.

मग व्यवहाराची नोंद करताना हा डेटाबेस काय करतो? त्या क्षणी शक्य असलेली सगळ्यात उशिराची वेळ नोंदीवर घालतो, आणि ती वेळ सगळ्या शंकांसह नक्की उलटून जाईपर्यंत चक्क थांबतो. मगच झालं म्हणून सांगतो. मला हा तांत्रिक साहित्यातला अतिशय सभ्य क्षण वाटतो. आपल्याला खात्री नाही, तर खात्री होईपर्यंत निकाल जाहीर करायचा नाही.

समीक्षक म्हणून एक तक्रार आहेच. आत सगळा शंकेचा कारभार आणि दारावरची पाटी ‘ट्रूटाइम’! शिवाय ही श्रीमंतांची शंका आहे. प्रत्येक डेटा सेंटरमध्ये जीपीएसचे रिसीव्हर आणि अणुघड्याळं बाळगून ती अरुंद ठेवलेली आहे. (त्या अणुघड्याळांच्या सर्व्हरांना निबंधात ‘आर्मगेडन मास्टर’ म्हटलंय. मिल्स यांना हे नाव आवडलं असतं.) मिल्स यांची पद्धत मात्र रखडत्या नेटवरच्या जुन्या लॅपटॉपलाही फुकट मिळते. म्हणून तीनपैकी निवडायचं तर मी मिल्स यांच्या बाजूला जाईन.

दोष त्यांच्या मजकुरातही आहेत. तो सज्जनांच्या छोट्या गावात लिहिला गेला होता. येणारं पाकीट खरंच त्या सर्व्हरचं आहे का, हे तपासायची सर्वांना पेलेल अशी सोय २०२०पर्यंत प्रमाण झाली नव्हती, आणि आजही सगळे ती वापरत नाहीत. वाचायलाही तो कठीण आहे. गणित, प्रोग्रॅम आणि गद्य एकमेकांत इतकं गुंतलंय की चांगल्या वाचकाचीही दमछाक होते. १९००पासून सेकंद मोजणारा त्याचा ३२ बिटांचा आकडा ७ फेब्रुवारी २०३६ला भरून पुन्हा शून्यावर येणार आहे, त्याची तयारी यंत्रांना ठेवावी लागेल.

सगळ्यात मोठी उणीव मात्र मजकुराबाहेरची आहे. १९९४च्या आरएफसी १५८९मध्ये मिल्स यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात अशी सोय सुचवली, की कुठल्याही प्रोग्रॅमला वेळेसोबत तिच्यातली कमाल चूकही विचारता यावी. अनेक सिस्टिममध्ये ती आजही आहे. पण ती विचारतं कोण? बहुतेक प्रोग्रॅम नुसती वेळ विचारतात आणि नुसता आकडा घेऊन जातात. चाळीस वर्षं जपलेली शंका या शेवटच्या पायरीवर सांडते. पडद्यावर फक्त ४:५९ उरतात, मेलमध्ये ‘५ वाजून ७ सेकंद’ उरतात, आणि त्यांच्यापुढे एक ‘अंतिम’ येऊन बसतो.

तक्रारीचं पत्र मी शेवटी लिहिलं. ते आधी ठरवलं होतं त्यापेक्षा पुष्कळ लहान झालं. दोनच प्रश्न विचारले. आपण नोंदवलेली वेळ नेमकी कुठल्या घटनेची आहे? आणि ती नोंदवताना आपल्या घड्याळातली संभाव्य चूक किती होती? उत्तर आलं नाही. शिष्यवृत्तीही मिळाली नाही, वर्ष गेलं.

या वर्षी त्याच शिष्यवृत्तीची जाहिरात पुन्हा आली. भावानं ती मला फॉरवर्ड केली आणि एका ओळीभोवती लाल गोल काढला. ‘सादर करावेत’च्या जागी आता लिहिलंय : ‘अर्जाची नोंद सर्व्हरवर पूर्ण झाल्याची वेळ ग्राह्य धरली जाईल.’ कर्ता अजूनही गायब आहे. पण ‘अंतिम’ गेला, आणि क्रियापद एकच राहिलं. आमच्या पत्रामुळे झालं की कसं, यातला धागा मला दिसलेला नाही, तेव्हा श्रेय घेत नाही.

"ताई, भरून टाकला," तो म्हणाला. मुदतीला अजून तीन दिवस होते.

"किती वाजता?"

"सव्वातीनच्या सुमारास."

सुमारास! मी म्हटलं, शाब्बास.